कुरळे बरे की सरळ बरे?



या आठवड्याच्या टपालात गंमतच झाली. दोन पत्रं एकाच दिवशी हातात पडली आणि दोन्ही केसांबद्दल! एक नववीतल्या मैत्रिणीचं, दुसरं सातवीतल्या. नावं-गावं सांगत नाही, कारण 'नाव छापू नका' या शब्दांखाली दोघींनीही दोन-दोन रेघा मारल्या आहेत.

नववीतली लिहिते, "ताई, माझे केस इतके सरळ आहेत की काही विचारू नका. सकाळी आई घट्ट वेणी घालून देते, मधल्या सुट्टीपर्यंत रिबीन खाली आणि केस मोकळे. पिना लावल्या तर घसरगुंडीवरून घसरल्यासारख्या घसरतात. सकाळी धुतलेले केस दुसऱ्या दिवशी तेलकट. गॅदरिंगच्या नाचात सगळ्यांना कुरळ्या बटा हव्यात. केस कुरळे करायचा उपाय सांगा ना!"

सातवीतली लिहिते, "ताई, माझे केस खूप कुरळे आहेत. मला 'मॅगी' म्हणतात, 'सुगरणीचं घरटं' म्हणतात. सरळ करायचा उपाय सांगा ना!"

दोघींना एकमेकींचे पत्ते देऊन टाकावेत आणि 'बायांनो, आपापसात डोकी बदलून घ्या' असं कळवावं, असा दुष्ट विचार माझ्या मनात येऊन गेला. पण सातवीतलीचं पत्र पुढच्या पानावर होतं. तिथे ती लिहिते, "मागच्या बाकावरच्या मुली तास चालू असताना माझ्या केसांत पेन्सिली खोचतात आणि किती वेळ पडत नाहीत ते मोजतात. परवा चार पेन्सिली निघाल्या. सगळे हसले, मीपण हसले. आता मी सगळ्यात शेवटी बसते, म्हणजे मागे कोणी नसतं. फळ्यावरचं नीट दिसत नाही. आई म्हणते सुट्टीत पार्लरमध्ये जाऊन एकदाचे सरळ करून टाकू. करू का?"

हे वाचल्यावर मी डोकी बदलण्याचा विनोद मागे घेतला. या पेन्सिलींकडे आपण जरा वेळाने येणारच आहोत. आधी केस म्हणजे काय आणि तो वळतो कशाने, ते बघू.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस त्वचेखालच्या एका बारीक पिशवीतून उगवतो. ही पिशवी म्हणजे केसाचं माहेर. त्याचं रंगरूप, त्याची जाडी, त्याचं वळण सगळं तिथेच ठरतं. बाहेर दिसतो तो केस निर्जीव असतो, म्हणून तर कापताना दुखत नाही. दिवाळीत आई सोऱ्यातून शेव पाडते ते आठवा. सोऱ्या सरळ धरला, भोक गोल असलं की शेव सरळ पडते. कुरळ्या केसाची पिशवी मात्र त्वचेत तिरपी, आकड्यासारखी वाकलेली असते, आणि केस घडताना त्याची एक बाजू दुसऱ्या बाजूसारखी घडत नाही. त्यामुळे तो बाहेर येतो तोच वळण घेऊन. सरळ केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर बहुधा गोल दिसतो, कुरळा चपटा, लंबगोल दिसतो.

म्हणजे बघा, केसाला वर कितीही तेल थापा, कंगव्याने ओढा, रात्री फडकं बांधून झोपा, पिशवीला त्याचा पत्ताच नसतो. ती खाली बसून आपली पहिल्यासारखीच शेव पाडत राहते, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. 'टक्कल केलं की केस दाट येतात' असं सांगणारी आजी प्रत्येक घरात असते. तिचा मान राखून सांगते, वस्तरा चालतो तो वरच्या निर्जीव भागावर. जावळ काढल्यावर बाळाचे केस दाट वाटतात कारण बाळ तेवढ्यात मोठं झालेलं असतं आणि केसांचं टोक आता बोथट असतं.

मग ही पिशवी वाकडी का? आईबाबांकडून, आजीआजोबांकडून आलेल्या जनुकांमुळे. इथे एकच जनुक नाही, पुष्कळ आहेत, म्हणून हिशोब सरळ सुटत नाही. एकाच घरात मोठी कुरळी आणि धाकटी सरळ, असं सर्रास दिसतं. शिवाय हे कायमचं लिहून ठेवलेलंही नाही. तान्हेपणी रेशमासारखं सरळ जावळ असलेलं बाळ पाचव्या वर्षी कुरळं होतं. वयात येताना काहींचे केस एकदम वळायला लागतात. आठवी-नववीत 'माझ्या केसांना झालंय तरी काय' म्हणून आरशासमोर उभे राहणारे वाचक मला ठाऊक आहेत. त्यांत मुलगेही आहेत बरं का, ते फक्त कबूल करत नाहीत.

आता, बरे कुठले?

कुरळ्यांच्या बाजूने बोलायचं तर पहिली गोष्ट म्हणजे केस असतात त्यापेक्षा दुप्पट वाटतात. वेणी घातली की घातली, शाळा सुटेपर्यंत हलत नाही. गजरा माळला तर सोडून जात नाही. भांग वाकडा पडला तरी कुणाला कळत नाही, आणि ही सोय लहानसहान नाही. पण गुंता! सुट्टीच्या दिवशी न्हाऊन आल्यावर आई कंगवा घेऊन बसते आणि शेजारच्या तीन घरांना कळतं की आज अमकीची वेणी आहे. आणखी एक दुखणं कोरडेपणाचं. डोक्याच्या त्वचेतून आपोआप थोडं तेल पाझरत असतं. सरळ केसावरून ते जिन्याच्या कठड्यावरून घसरल्यासारखं टोकापर्यंत जातं. कुरळ्या केसावर त्याला घाटातली वळणं घेत उतरावं लागतं, आणि ते अर्ध्या वाटेतच संपतं. म्हणून टोकं कोरडी राहतात आणि लवकर तुटतात.

सरळ केसांचं नेमकं उलट. तेल भराभर पसरतं, म्हणून नववीतल्या मैत्रिणीचे केस दुसऱ्याच दिवशी चिप्प. पण चमक त्यांचीच. शेजारी शेजारी सपाट बसलेले केस आरशासारखा उजेड एकाच दिशेला परत फेकतात, कुरळे केस तो दहा दिशांना उधळून देतात. शाम्पूच्या जाहिरातीत सरळ केसच का मिरवतात, त्याचं निम्मं उत्तर या चकाकीत आहे. कंगवा एकदा फिरवला की काम झालं. पण अंबाडा टिकत नाही, बट कपाळावर राहत नाही, आणि विरळ असले तर लगेच उघडे पडतात.

उवा म्हणाल तर त्या दोघींकडेही मुक्कामाला येतात.

एक चमत्कार मात्र कुरळ्यांनाच पाहायला मिळतो. लांब कुरळा केस वरून जवळजवळ सरळ दिसतो आणि खाली टोकाशी गोल गोल वळतो. का? कारण वरच्या भागाला खालच्या सगळ्या केसाचं ओझं ओढत असतं, टोकाला ओढायला कुणीच नसतं. २०१४ साली भौतिकशास्त्रज्ञांनी लोंबत्या कुरळ्या केसाचं चक्क गणित मांडून शोधनिबंध छापला. म्हणूनच कुरळे केस आखूड कापले की एकदम जास्त कुरळे होतात. कापायला गेलं खांद्यापर्यंत आणि चढून बसलं कानावर, हा अनुभव ज्यांनी घेतलाय त्यांना आता निदान कारण तरी कळलं.

आणि ओल्या हवेचं काय? कोकणात जूनचा पहिला पाऊस पडला की कुरळे केस फुलून येतात. हेच केस मे महिन्यात नागपूरला, त्या कोरड्या उन्हात, बरेच गुमान बसतात. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या आतल्या लांबच लांब साखळ्या एकमेकींना दोन तऱ्हेच्या गाठींनी बांधलेल्या असतात. एक गाठ कच्ची, पाणी लागलं की सुटते आणि वाळली की पुन्हा बसते. दुसरी पक्की, गंधकाची. ती पाण्याला दाद देत नाही. इस्त्री करताना सुती कपड्यावर पाणी शिंपडतात ना, तोच प्रकार केसांचा. ओले केस ओढून गरम हवेने वाळवले तर कच्च्या गाठी नव्या जागी बसतात आणि केस सरळ दिसतात. पण बाहेर पडल्यावर दमट हवा लागली की गाठी सुटल्या, आणि केस निघाले माघारी. ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी सरळ केसांनाही लाटा येतात, त्याही याच हिशोबाने, तेवढ्याच वेळेपुरत्या.

नववीतल्या मैत्रिणी, तुझ्या गॅदरिंगचा उपाय तुला मिळाला. आदल्या रात्री केस थोडे ओलसर असताना आठ-दहा बारीक वेण्या घाल आणि सकाळी पूर्ण वाळल्यावर सोड. फुकट आहे, आणि एकदा डोकं धुतलं की गेलं.

पक्क्या गाठी तोडायला मात्र रसायन लागतं किंवा जबर उष्णता. माणसांनी तेही केलंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये कार्ल नेसलर नावाच्या जर्मन केशकारागिराने सरळ केस कायमचे कुरळे करणारं यंत्र बनवलं. वरून टांगलेल्या तापलेल्या पितळी नळ्या, खाली खुर्चीत बसलेली बाई, आणि हा खेळ पाच-सहा तास चालायचा! पहिले प्रयोग त्याने आपल्या बायकोवर केले, त्यात तिचे केस जळाले. तरीही पुढे अशी यंत्रं जगभर गेली, कारण तेव्हा फॅशन कुरळ्यांची होती. नंतर १९६०च्या दशकात वारं फिरलं. इंग्लंड-अमेरिकेतल्या मुली इस्त्रीच्या टेबलावर डोकं टेकवून कपड्यांच्या इस्त्रीने केस सरळ करायला लागल्या. कपड्यांच्या इस्त्रीने! (घरी करून बघायचं नाही. मी इथून बघतेय.)

त्याआधी तीनशे वर्षं मागे गेलात तर युरोपातले पुरुष कुरळ्या केसांचे टोप घालून मिरवत होते. फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाचं चित्र इतिहासाच्या पुस्तकात सापडलं तर बघा, छातीपर्यंत नुसत्या बटाच बटा. इंग्लंडमधल्या फौजदारी न्यायालयांत न्यायाधीश अजूनही घोड्याच्या केसांचा कुरळा टोप घालून बसतात. आणि आपल्याकडे? अजिंठ्याला सहल जाईल तेव्हा बुद्धाच्या मूर्तीचं डोकं नीट बघा. छोट्या छोट्या शंखांसारख्या वळलेल्या बटांच्या ओळी दिसतील. ज्या शिल्पकाराला सर्वांत सुंदर, सर्वांत शांत माणूस घडवायचा होता, त्याने त्याला केस दिले ते कुरळे. एकेक बट छिन्नीने वळवत बसला बिचारा. सरळ केसांचं काम त्याला किती सोपं गेलं असतं! संगणकालाही हे काम जड जातं. २०१२ साली आलेल्या 'ब्रेव्ह' या चित्रपटातल्या मेरिडा राजकन्येचे लाल कुरळे केस उड्या मारताना नीट हलावेत म्हणून चित्रपट बनवणाऱ्यांना नवी संगणकप्रणाली लिहावी लागली.

मग कुरळ्यांना एवढी नावं का ठेवली जातात? थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे, असं मला वाटतं. सरळ माणूस म्हणजे चांगला, सरळ वाट म्हणजे खरी, आणि वाकड्यात शिरणं वाईट. केसांना 'सरळ' म्हटलं की शब्दानेच निम्मा निकाल लावून टाकला! त्यात 'व्यवस्थित' म्हणजे चापूनचोपून बसवलेले, ही शाळेची व्याख्या. जो केस मुळातूनच चापून बसत नाही, तो बिचारा जन्मापासून अव्यवस्थित. 'कुरळे केस म्हणजे हट्टी स्वभाव' असं सांगणारी मंडळीही असतात. सरळ केसांची हट्टी पोरं मी इतकी पाहिली आहेत की त्यावर वेगळा लेख होईल.

आणि आता त्या पेन्सिली.

दक्षिण आफ्रिकेत १९५० साली एक कायदा झाला. देशातल्या प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद करायची, गोरा, काळा की मिश्र ते ठरवायचं. कुठल्या वस्तीत राहायचं, कुठल्या शाळेत जायचं, कोणाशी लग्न करायचं, सगळं त्या नोंदीवर. पण काही माणसं बघून कळेना की गोरी म्हणावीत की मिश्र. तेव्हा अधिकारी काय करत? माणसाच्या केसांत पेन्सिल खोचत. पेन्सिल घसरून पडली तर गोरा. अडकून राहिली तर गोरा नाही. झाली परीक्षा! एकाच आईच्या दोन मुलांपैकी एकाची पेन्सिल पडली, दुसऱ्याची अडकली की दोघांचे कागद वेगळे, वस्त्या वेगळ्या. अशी कुटुंबं तुटली.

सँड्रा लॅंग नावाची एक मुलगी त्या देशात १९५५ साली जन्मली. आई-वडील दोघेही कागदोपत्री गोरे. हिचा रंग मात्र सावळा आणि केस कुरळे. गोऱ्या मुलांच्या शाळेत ती शिकत होती. इतर मुलांच्या पालकांनी तक्रारी केल्या, आणि १९६६ साली दहा वर्षांच्या त्या मुलीला शाळेतून काढून पोलिसांबरोबर घरी पाठवलं. तिच्या वडिलांनी न्यायालयात दाद मागितली. पुढच्याच वर्षी कायदा बदलला, आई-वडील गोरे तर मूल गोरं असं ठरलं आणि सँड्रा कागदावर पुन्हा गोरी झाली! मुलगी तीच, केस तेच. तो नोंदणीचा कायदा संपला १९९१ साली.

कायदा गेला म्हणजे सवय गेली, असं होत नाही. २०१६च्या ऑगस्टमध्ये त्याच देशात, प्रिटोरियातल्या मुलींच्या एका नामवंत शाळेत, कृष्णवर्णीय मुलींनी निषेध केला. त्यांचे नैसर्गिक, भरगच्च कुरळे केस शाळेच्या नियमात 'नीटनेटके' बसत नव्हते. पुढे उभी होती तेरा वर्षांची झुलेखा पटेल, डोक्यावरती केसांचा मोठा गोल आणि हात वर करून मनगटांची फुली. तिचं छायाचित्र जगभर गेलं. प्रांताच्या शिक्षण विभागाला शाळेचा केसांबद्दलचा नियम स्थगित करावा लागला. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली कायदाच केला की केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून शाळेत किंवा नोकरीत कुणाला वेगळं वागवायचं नाही. तसं करणारं ते तिथलं पहिलं राज्य.

सातवीतल्या मैत्रिणी, तुझ्या मागच्या बाकावरच्या मुलींना यातलं काही ठाऊक नसणार. त्यांना तो खेळ वाटतो. पण तुला तो खेळ वाटत नाही ना? मग तुला हसायची काही गरज नाही. तू हसलीस म्हणून त्यांना वाटतं चाललंय ते ठीक चाललंय. वळून एकदा स्पष्ट सांग, 'मला हे आवडत नाही, पेन्सिल काढ.' ऐकलं नाही तर वर्गशिक्षिकांना सांग. ती चहाडी नव्हे. आणि सोमवारी तुझ्या जुन्या बाकावर जाऊन बस. फळा तुझाही आहे. हवा तर हा अंक दप्तरात घेऊन जा आणि हे पान मधल्या सुट्टीत मोठ्याने वाच. आफ्रिकेच्या पेन्सिलीची गोष्ट त्यांनाही ऐकू दे.

आता एक परिच्छेद आई-बाबांसाठी. मुलांनो, तुम्ही पुढे गेलात तरी चालेल. (जाणार नाही, ठाऊक आहे.) पार्लरमध्ये केस दीर्घकाळ सरळ करायची जी औषधं वापरतात, त्यांतल्या काहींतून, विशेषतः तापवल्यावर, फॉर्माल्डिहाइड हा वायू निघतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक ज्या फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, ते याचंच पाण्यातलं द्रावण. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तो माणसाला कर्करोग करणारा ठरवला. मग 'फॉर्माल्डिहाइड नाही' असं लिहिलेली नवी मलमं आली, त्यांतल्या काहींत ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. २०२४ साली एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टरांनी २६ वर्षांच्या एका तरुणीची हकीकत छापली. तीनदा केस सरळ करून घेतले, तिन्ही वेळा त्याच दिवशी उलट्या आणि पाठदुखी, आणि तपासलं तर मूत्रपिंडांना इजा. असं प्रत्येकाला होतं असं नाही. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर हे थापण्याआधी डब्यावरचं बारीक अक्षर वाचाल की नाही? आणि एवढं करून महिन्याभरात मुळाशी सेंटिमीटरभर कुरळा केस येतोच. पिशवी ऐकत नाही! की पुन्हा खर्च, पुन्हा औषध. मोठी झाल्यावर तिला स्वतःला हवं वाटलं तर ती विचार करून ठरवेल. आज चार पेन्सिलींच्या भीतीने ठरवायला नको.

त्यापेक्षा केस विंचरण्याची रीत बदलून बघा. कुरळे केस कोरडे असताना बारीक दातांच्या कंगव्याने वरून खाली ओढले की गुंता टोकाशी जाऊन घट्ट बसतो, केस तुटतात, मूल रडतं, आई चिडते. केस ओलसर असताना, थोडं खोबरेल बोटांना लावून, रुंद दातांच्या फणीने आधी फक्त टोकं सोडवा. मग जरा वरून, मग आणखी वरून, मुळापासून सगळ्यात शेवटी. रोज धुवायची गरज नाही. खरखरीत पंचाने खसाखसा पुसू नका, जुन्या मऊ सुती कपड्यात दाबून पाणी टिपा. सरळ केसांना मात्र तेल बेतानेच, नाहीतर ते आधीच पाझरतंय त्यात भर.

कुरळ्यांचं आणखी एक मोठेपण सांगायचं राहिलंच होतं. २०२३ साली संशोधकांनी एक उष्णता मोजणारा पुतळा घेतला, त्याच्या डोक्यावर माणसांच्या केसांचे वेगवेगळे टोप चढवले आणि वरून सूर्यासारखा प्रखर दिवा सोडला. टोप कुठलाही असो, बिनकेसाच्या डोक्यापेक्षा डोकं कमी तापलं. पण सगळ्यात कमी तापलं ते अगदी घट्ट कुरळ्या केसांखाली. अशा केसांचा थर त्वचेला चिकटून बसत नाही, ऊन वरच्या वर अडतं. आफ्रिकेच्या उन्हात वावरणाऱ्या आपल्या पूर्वजांना या छत्रीचा फायदा झाला असावा, असं या संशोधकांचं म्हणणं. 'सुगरणीचं घरटं' म्हणणाऱ्यांनो, ऐकताय ना? तशी सुगरणीसारखी कारागीर शोधून सापडणार नाही, तेव्हा मुळात ती शिवीच नव्हे.

आता या आठवड्याचा प्रयोग. १७८३ साली स्वित्झर्लंडमधल्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र कशाचं केलं, माहीत आहे? माणसाच्या केसाचं! हवा दमट झाली की केस किंचित लांबतो, कोरडी झाली की आखडतो. अगदी कोरड्या हवेपासून अगदी दमट हवेपर्यंत फरक शंभरात दोन-अडीच एवढाच, पण तो दाखवता येतो. पुढे कितीतरी वर्षं हवामानखात्यांच्या उपकरणांत केस असायचे.

वीतभर लांबीचा एक केस घ्या. गळलेला, कंगव्यातला. दिवसाला पन्नास-शंभर केस गळतातच, तेव्हा धाकट्या बहिणीच्या डोक्यावरून उपटायचं कारण नाही. साबणाने किंवा शिकेकाईने धुऊन त्याचं तेल काढा. जाड पुठ्ठा भिंतीला उभा टेकवा. पुठ्ठ्याची कडक पट्टी बाणासारखी कापून तिचं मागचं टोक टाचणीने पुठ्ठ्यावर सैल टोचा, पट्टी सहज फिरली पाहिजे. केसाचं एक टोक वर चिकटपट्टीने पक्कं करा, दुसरं बाणाला टाचणीच्या अगदी जवळ, बोटभर अंतरावर चिकटवा. बाण आडवा लोंबकळू दे. केस थोडा ताणलेला हवा, म्हणून बाणावर एक लहान नाणं चिकटवा. बाणाच्या टोकाशी पुठ्ठ्यावर खूण करा. आता न्हाणीघरात गरम पाणी सोडलेलं असताना पुठ्ठा आत नेऊन ठेवा. केस लांबला की बाण खाली झुकेल. कोरड्या खोलीत आणलात की हळूहळू वर चढेल.

सरळ केसाने आधी करा, मग कुरळ्याने. कुरळ्याला वजन जास्त लागेल, किती ते तुम्हीच शोधा. निरीक्षणं वहीत तारखेसह लिहून पाठवा. कोकणातल्या आणि विदर्भातल्या दोस्तांनी एकाच तारखेची पाठवलीत तर फारच बहार. पाकिटात केस पाठवू नका.

तुमची,
ताई